चोरीचा आरोप असलेल्या कंपनीचे राउटर घ्यावेत का?

लूपबॅक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या संस्थेतले कोअर आणि अ‍ॅग्रिगेशनचे राउटर, म्हणजे नेटवर्कच्या मध्यभागी बसणारे आणि त्यांच्याकडे रहदारी एकत्र करून पाठवणारे, बदलायचे आहेत. जुन्यांचा सपोर्ट संपत आलाय, त्यामुळे निर्णय पुढे ढकलता येणार नाही. तांत्रिक छाननीनंतर तीन कंपन्या उरल्या आहेत. त्यातल्या सर्वांत कमी दर भरलेल्या कंपनीवर तिच्या स्पर्धकाने खटला भरलाय. आमचा सोर्स कोड (मूळ प्रोग्राम) आणि ट्रेड सिक्रेट (व्यवसायाची गुपितं) चोरून यांनी हे उत्पादन बनवलं, असा आरोप आहे. निकाल लागलेला नाही. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर सगळी चर्चा त्या एका नावावरच होईल.

समितीत सरळ दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं असं, की जो दुसऱ्याच्या घामाचा कोड उचलतो त्याच्या हातात आपली सगळी रहदारी का द्यायची? दुसरी बाजू म्हणते, पीओसीत (खरेदीआधीच्या चाचणीत) राउटर पास झाला, थ्रूपुट (डेटा वाहून नेण्याचा वेग) मिळाला, फेलओव्हर (एक बंद पडला की दुसऱ्यावर जाणं) वेळेत झाला, आता त्या दोन कंपन्यांच्या भांडणाशी आपला काय संबंध?

मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. पहिल्यात राग आहे, पण चोरीच्या आरोपावरून नेमका कोणता धोका निघतो हे कुणी सांगत नाही. दुसऱ्यात हिशोब आहे, पण तो पीओसीपुरता. हे राउटर आपल्याकडे सात-आठ वर्षं राहणार. त्या काळात पॅच कोण देणार, कोर्टाने विक्री थांबवली तर सुटे भाग कुठून आणायचे, हे पीओसीत दिसत नाही.

ज्यांनी खरेदी केली आहे, ज्यांनी अशी साधनं चालवली आहेत, ज्यांना कायद्याची बाजू कळते, त्यांनी कृपया लिहा. कुठल्या देशाची कंपनी चांगली आणि कुठली वाईट या वादात मला रस नाही.

---

जुनीतार

चांगला विषय काढलात. या प्रकारातला सगळ्यांत गाजलेला खटला म्हणजे अमेरिकेची सिस्को विरुद्ध चीनची हुआवे, दोन्ही नेटवर्कची साधनं बनवणाऱ्या कंपन्या. त्याचा तपशील माहीत असल्याशिवाय पुढचं बोलणं हवेत जाईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जानेवारी २००३ मध्ये सिस्कोने टेक्सासच्या फेडरल कोर्टात दावा ठोकला. म्हणणं असं, की हुआवेच्या क्विडवे राउटरमध्ये आयओएसचा (सिस्कोच्या राउटर सॉफ्टवेअरचा) सोर्स कोड आहे, कमांड लाइन जशीच्या तशी उतरवली आहे, मॅन्युअलमधले परिच्छेदच्या परिच्छेद उचललेत, आणि वर काही पेटंटंही मोडली आहेत. जूनमध्ये कोर्टाने अंतरिम मनाई दिली. वादातला कोड, मॅन्युअल आणि हेल्पचा मजकूर वापरायला बंदी आली. ईआयजीआरपीशी (सिस्कोच्या राउटिंग प्रोटोकॉलशी) संबंधित काही कोड आपल्या सॉफ्टवेअरमध्ये आल्याचं हुआवेने मान्य केलं होतं आणि तो काढून टाकल्याचं सांगितलं. पुढे तडजोड झाली आणि जुलै २००४ मध्ये दावा मागे घेतला गेला. हुआवेने कमांड लाइन, हेल्प आणि कोडचे काही भाग बदलायचं कबूल केलं.

तडजोड गोपनीय होती. मग ऑक्टोबर २०१२ मध्ये सिस्कोचे मुख्य कायदा अधिकारी मार्क चँडलर यांनी त्या वेळच्या तटस्थ तज्ज्ञाच्या अहवालातला काही भाग जाहीर केला. दोन स्ट्रिंगची तुलना करणारं एक छोटं रूटीन. त्यातल्या कॉमेंट आणि मोकळ्या जागासुद्धा दोन्हीकडे तंतोतंत सारख्या होत्या. हा कोड बघून पुन्हा लिहिलेला नसून थेट कॉपी करून हुआवेच्या व्हीआरपी या राउटर सॉफ्टवेअरमध्ये बसवलेला आहे, असा तज्ज्ञाचा निष्कर्ष होता.

मी हे इतकं खोलात लिहितोय कारण मला त्यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. स्ट्रिंगची तुलना करणारं रूटीन कुणीही होतकरू इंजिनिअर तासाभरात लिहील. ते चोरण्यासारखं नाहीच. तरीही ते तिथे सापडलं, याचा अर्थ त्या काळात त्या टीममध्ये बाहेरून आलेला कोड आत येताना कुणी अडवत नव्हतं. मला भीती वाटते ती या ढिलाईची.

---

शंकासुर

जुनीतार, माहिती बरोबर आहे, पण अर्धी आहे. दुसरा अर्धा मी लिहितो.

सिस्कोचा जन्म कसा झाला? स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘ब्लू बॉक्स’ नावाचा राउटर तयार झाला. त्याचं मूळ सॉफ्टवेअर विल्यम यीगर यांनी विद्यापीठाचे कर्मचारी असताना लिहिलेलं. लिओनार्ड बोसॅक आणि कर्क लॉहीड तिथेच नोकरीला होते आणि त्याच तंत्रावर नवी कंपनी उभी राहत होती. विद्यापीठाला हे कळल्यावर जुलै १९८६ मध्ये दोघांना राजीनामा द्यावा लागला. १९८७ मध्ये स्टॅनफर्डने रीतसर परवाना दिला: १९,३०० डॉलर रोख आणि १,५०,००० डॉलर रॉयल्टी. आज त्या इतिहासामुळे सिस्कोचे राउटर कुणी नाकारतं का?

अरिस्टाचं बघा. सिस्को सोडून आलेल्या लोकांनी उभी केलेली कंपनी. डिसेंबर २०१४ मध्ये सिस्कोने खटला भरला, पाचशेहून जास्त कमांड उचलल्याचा आरोप. पालो आल्टो नेटवर्क्सने २०१४ मध्ये जुनिपरशी तडजोड केली ती १७.५ कोटी डॉलरची. या क्षेत्रात एका कंपनीतून उठून लोक दुसरी कंपनी काढतात आणि डोक्यातलं सगळं बरोबर नेतात. आरोप नसलेली कंपनी शोधायला गेलात तर टेंडर कुणालाच देता येणार नाही.

माझा आक्षेप आरोपाची दखल घ्यायला नाही. काही कंपन्यांचे आरोप जन्मभर चिकटतात आणि काहींचे तडजोडीचा चेक वटला की विसरले जातात, याला आहे. एकच फूटपट्टी सगळ्यांना लावा.

---

कलमकरी

मी बौद्धिक संपदेच्या प्रकरणांत काम करते. शंकासुर यांची एकाच फूटपट्टीची मागणी रास्त आहे, पण मोजायच्या गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि वरच्या प्रतिसादांत त्या एकत्र झाल्या आहेत.

पेटंटभंग हेतूशिवायही होतो. तुम्ही स्वतःच्या डोक्याने एखादी पद्धत शोधलीत, पण दुसऱ्याने तिचं पेटंट आधी घेतलेलं असेल, तरी तुम्ही दोषी. त्यामुळे पेटंटच्या खटल्यावरून कंपनीच्या चारित्र्याबद्दल फारच थोडं कळतं. मोठ्या कंपन्या एकमेकींवर असे दावे सतत लावत असतात. युरोपच्या सर्वोच्च न्यायालयात प्रमाणित तंत्रावरच्या पेटंटांबद्दलचा २०१५ चा जो पायाभूत निकाल आहे, त्यात दावा लावणारी कंपनी हुआवे होती आणि समोर झेडटीई ही दुसरी चिनी कंपनी.

कॉपीराइटमध्ये नक्कल सिद्ध व्हावी लागते. पण इथेही सिस्को-अरिस्टाचा निकाल वाचण्यासारखा आहे. डिसेंबर २०१६ मध्ये ज्यूरीने अरिस्टाला जबाबदार धरलं नाही. अशा प्रकारच्या साधनात अशा कमांड ओघानेच येतात, त्यावर एकाची मालकी नाही, हा बचाव मान्य झाला. त्याच वेळी पेटंटच्या बाजूने मात्र अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अरिस्टाच्या आयातीवर बंदी घातली होती, त्यामुळे कंपनीला उत्पादनाची रचना बदलावी लागली. शेवटी ऑगस्ट २०१८ मध्ये ४० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटलं. आणि लक्षात घ्या, अरिस्टाने कमांड सारख्या असल्याचं कधी लपवलं नव्हतं. ती त्यांची विक्रीची जमेची बाजू होती.

ट्रेड सिक्रेट ही तिसरी गोष्ट, आणि विश्वासाशी सगळ्यांत जवळची. इथे कुणीतरी दार उघडून आत जातं. टी-मोबाइलच्या प्रयोगशाळेत फोन तपासणारा ‘टॅपी’ नावाचा यंत्रमानव होता. हुआवेच्या कर्मचाऱ्याने त्याच्या हाताचा भाग बाहेर नेला. मे २०१७ मध्ये सिॲटलच्या ज्यूरीने करारभंगासाठी ४८ लाख डॉलर द्यायला लावले. ट्रेड सिक्रेट लाटल्याचं मान्य केलं, पण ते द्वेषबुद्धीने केलं असं मानलं नाही आणि त्यासाठी वेगळी भरपाईही दिली नाही. पुढे २०१९ मध्ये अमेरिकी सरकारने फौजदारी आरोप ठेवले. कंपनीने ते नाकारले आहेत.

तेव्हा लूपबॅक, पहिलं काम म्हणजे दाव्याची मूळ कागदपत्रं वाचा, बातम्या नकोत. आरोप कुठल्या प्रकारचा आहे, कुठल्या उत्पादनाबद्दल आहे, कुठल्या आवृत्तीबद्दल आहे, हे तिथे सापडेल. तुम्ही घेताय तो राउटर कदाचित त्या यादीत नसेलही.

---

पायवाट

वाचतोय. कलमकरीताईंच्या प्रतिसादाला +१. आमच्याकडे ‘केस आहे’ एवढ्या एका वाक्यावर व्हेंडर बाद झाला होता. कुणी कागद उघडून बघितला नाही.

---

रात्रपाळी

मी एनओसीत (नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कक्षात) काम करतो, त्यामुळे माझी बाजू वेगळी आहे. मला चोरी झाली की नाही यापेक्षा पहाटे तीन वाजता लिंक पडल्यावर पलीकडे फोन उचलणाऱ्याला स्वतःचा कोड कळतो की नाही, याची काळजी जास्त.

उचललेल्या कोडची खरी अडचण इथे आहे. ज्याने तो लिहिला त्याच्या डोक्यात त्यामागची कारणं असतात. हा टायमर इतकाच का, ही तपासणी दोनदा का, या टेबलला कुलूप कुठे लागतं. उचलणाऱ्याकडे कोड येतो, कारणं येत नाहीत. मूळ मालकाला पुढे बग सापडतो, तो दुरुस्त करतो. उचलणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो, आणि कळलं तरी विचारता येत नाही.

मी हे सोसलंय. एका कंपनीच्या स्विचमध्ये, नाव देत नाही, मल्टिकास्टचा (एकाच वेळी अनेकांना जाणाऱ्या डेटाचा) ताण वाढला की कंट्रोल प्लेन (स्विचचा निर्णय घेणारा भाग) गोठायचं. टॅक केस (कंपनीच्या तांत्रिक मदत विभागाकडे तक्रार) उघडली, लॉग दिले, क्रॅश डंप दिले. कित्येक महिने उत्तर एकच: पुढच्या आवृत्तीत अपग्रेड करा. केलं, तरी तेच. शेवटी त्यांच्या एका ज्येष्ठ इंजिनिअरने मोकळेपणाने सांगितलं, की तो भाग आमच्याकडे बाहेरून आलाय आणि तो समजणारं माणूस आता आमच्यात कुणी नाही. तो कोड त्यांनी रीतसर विकत घेतला होता. चोरी अजिबात नव्हती. पण ग्राहक म्हणून माझ्या वाट्याला जे आलं, ते चोरलेल्या कोडने आलं असतं तसंच.

म्हणून मला ब्रिटनचा अनुभव सगळ्यांत बोलका वाटतो. तिथे हुआवेची साधनं तपासायला २०१० मध्ये बॅनबरीत एक खास केंद्र उभं राहिलं. कंपनीचा सोर्स कोड तिथे ठेवून सरकारी यंत्रणेच्या देखरेखीखाली तपासायचे. मार्च २०१९ मध्ये देखरेख मंडळाचा जो अहवाल आला, तो प्रत्येक नेटवर्कवाल्याने वाचावा. एका उत्पादनात ओपनएसएसएलच्या (एन्क्रिप्शनसाठीच्या खुल्या सॉफ्टवेअरच्या) चार वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या ७० पूर्ण प्रती सापडल्या. शिवाय १४ आवृत्त्यांचे ३०४ अर्धवट तुकडे. मेमरी कॉपी करणारी धोकादायक फंक्शन सहाशेहून जास्त ठिकाणी थेट वापरलेली. आणि सगळ्यांत गंभीर मुद्दा: तपासायला दिलेल्या सोर्स कोडमधूनच प्रत्यक्ष नेटवर्कमध्ये चालणारी बायनरी (चालवायला तयार फाइल) तयार झाली आहे, हे खात्रीने दाखवता येत नव्हतं.

त्याच अहवालात हेही स्पष्ट लिहिलं होतं, की हे दोष चिनी सरकारच्या हस्तक्षेपामुळे आलेत असं ब्रिटिश यंत्रणेला वाटत नाही. म्हणजे मागचं दार सापडलं नाही. सापडलं ते असं घर, जिथे कुठली वस्तू कुठून आली आणि किती आहेत हे मालकालाच माहीत नाही. ओपनएसएसएलमध्ये नवीन भोक सापडलं, तर त्या ७० जागा आणि ३०४ तुकडे शोधून कोण बुजवणार? जुनीतार ज्याला ढिलाई म्हणाले, ती हीच. कोडची वंशावळ न ठेवणाऱ्या टीममध्ये चोरीचा कोडही निवांत शिरतो आणि जुना, सडलेला कोडही निवांत राहतो.

माझं मत: आरोप खरा की खोटा हे कोर्ट ठरवेल. आपण कंपनीला एवढंच विचारायचं, की तुमच्या बायनरीतली प्रत्येक गोष्ट कुठून आली ते दाखवा.

---

शंकासुर

रात्रपाळी, प्रतिसाद आवडला. पण मग हाच प्रश्न सगळ्यांना विचारा, एवढीच माझी विनंती. डिसेंबर २०१५ मध्ये जुनिपरने स्वतः जाहीर केलं, की स्क्रीनओएस या आपल्या फायरवॉलच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी अनधिकृत कोड घालून ठेवलाय. एक पासवर्ड, जो डीबगच्या ओळीसारखा दिसायचा म्हणून नजरेतून सुटला. त्यासोबत व्हीपीएनच्या यादृच्छिक अंकांच्या यंत्रणेत केलेला बदल, ज्यातला काही भाग २०१२ पासून तिथे होता. जुनिपरवर कुणी कोड चोरल्याचा आरोप केला नव्हता. चांगलं नाव असलेली कंपनी, आणि तिच्या कोडमध्ये तीन वर्षं परका हात.

स्नोडेनच्या कागदपत्रांतून २०१४ मध्ये हेही बाहेर आलं, की अमेरिकेची एनएसए ही गुप्तचर संस्था सिस्कोची खोकी वाटेत उघडून त्यात आपली यंत्रणा बसवायची, आणि हुआवेच्या सर्व्हरमध्येही शिरली होती. कंपनी प्रामाणिक असूनही ग्राहक फसू शकतो.

---

रात्रपाळी

शंभर टक्के मान्य. जुनिपरचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथेही प्रश्न तोच होता, की हा बदल कुणी केला आणि कोणी तपासला. फरक एवढाच, की त्यांनी स्वतःच्या तपासणीत शोधला, जाहीर केला आणि पॅच दिला. मी याला किंमत देतो.

---

मुक्तस्रोत

या चर्चेत एक चोरी कुणी मोजतच नाहीये. लिनक्स आणि बिझीबॉक्स ही खुली सॉफ्टवेअर वापरायची, जीपीएल या त्यांच्या खुल्या परवान्याप्रमाणे सोर्स द्यायचा नाही, आणि फर्मवेअर स्वतःचं म्हणून विकायचं. हाही दुसऱ्याच्या कामाचा परवानाभंगच आहे. फक्त ज्यांचं काम उचललं ते बहुतेक स्वयंसेवक, त्यामुळे वर्तमानपत्रात मथळे येत नाहीत.

लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर आठवतो का? २००३ मध्ये लोकांना त्यात लिनक्स सापडलं, पाठपुरावा झाला, आणि सोर्स खुला करावा लागला. ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं खुलं सॉफ्टवेअर त्यातूनच जन्माला आलं. लिंक्सिस तोवर सिस्कोची झाली होती. परवान्याचं पालन नीट होत नाही म्हणून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने डिसेंबर २००८ मध्ये सिस्कोवर खटला भरला, मे २००९ मध्ये तडजोड झाली. जर्मनीत हाराल्ड वेल्टे यांनी डी-लिंकविरुद्ध २००६ मध्ये निकाल मिळवला.

लूपबॅक, तुम्हाला वापरता येईल अशी एक सोपी कसोटी देतो. तिन्ही कंपन्यांना लेखी कळवा, की अमुक मॉडेल, अमुक आवृत्ती, यातल्या जीपीएल घटकांचा पूर्ण सोर्स आणि बिल्ड करायच्या स्क्रिप्ट पाठवा. कायद्याने त्यांना ते द्यावंच लागतं. जी कंपनी वेळेत, पूर्ण आणि बिल्ड होणारा सोर्स देते, तिच्याकडे घटकांची नोंद आहे. जी अर्धवट फाइल पाठवते किंवा तुम्हाला विक्री विभागाकडून कायदा विभागाकडे आणि तिथून परत फिरवत राहते, तिच्याबद्दल तुम्हाला कुठल्याही खटल्यापेक्षा जास्त कळेल.

(अवांतर: पेटंटाच्या धाकाने काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे कार्प. व्हीआरआरपीवर (एक राउटर पडला की दुसऱ्याने काम उचलायच्या प्रोटोकॉलवर) सिस्कोने पेटंटाचा हक्क सांगितल्यावर ओपनबीएसडी या खुल्या प्रणालीच्या लोकांनी स्वतःचा पर्याय लिहिला. त्यांना वेगळा प्रोटोकॉल क्रमांक मिळाला नाही, म्हणून त्यांनी व्हीआरआरपीचाच ११२ वापरला. आजही दोन्ही एका सेगमेंटवर आले की गोंधळ होतो.)

---

लूपबॅक

सगळ्यांचे मनापासून आभार. समितीत महिनाभरात झालं नाही इतकं इथे स्पष्ट झालं.

कलमकरीताई, एक प्रश्न. खटला त्या दोघांमधला असला तरी खरेदीदार म्हणून आमच्यावर काय येऊ शकतं? वित्त विभाग म्हणतो, आपण बिल भरलं की आपण मोकळे.

---

कलमकरी

बिल भरलं की मोकळे हे पेटंटच्या बाबतीत खरं नाही. अमेरिकेच्या कायद्यात पेटंट असलेली वस्तू परवानगीशिवाय *वापरणं* हाही भंग आहे. इनोव्हॅशिओ नावाच्या कंपनीने जुनी वाय-फाय पेटंटं विकत घेतली आणि उपकरण बनवणाऱ्यांना सोडून कॉफीची दुकानं आणि हॉटेलं यांनाच नोटिसा आणि दावे पाठवले. त्यांचा गुन्हा इतकाच, की त्यांनी ग्राहकांसाठी वाय-फाय ठेवलं होतं. सिस्को, मोटोरोला सोल्यूशन्स आणि नेटगिअर आपल्या ग्राहकांसाठी कोर्टात उभ्या राहिल्या. २०१३ मध्ये न्यायाधीशांनी दर ठरवला तो दर चिपमागे ९.५६ सेंट, मागणीच्या तुलनेत नगण्य. कंपनी पाठीशी उभी राहिली नसती तर एकट्या हॉटेलवाल्याने काय केलं असतं?

दुसरा धोका पुरवठ्याचा. हायटेरा ही वॉकीटॉकी बनवणारी कंपनी. मोटोरोला सोल्यूशन्समधून आलेल्या इंजिनिअरांनी सोर्स कोड आणल्याचं प्रकरण. फेब्रुवारी २०२० मध्ये शिकागोच्या ज्यूरीने ७६ कोटी डॉलरहून जास्त भरपाई ठरवली, पुढे ती कमी झाली. ते पैसे कंपनीचे, ग्राहकाला काय त्याचं? पण एप्रिल २०२४ मध्ये कोर्टाचा अवमान केल्याबद्दल कंपनीच्या रेडिओंच्या जगभरातल्या विक्रीवरच बंदी आली. वरच्या कोर्टाने काही दिवसांतच स्थगिती दिली, पण त्या दिवसांत ज्याला सुटे संच हवे असतील त्याने काय केलं असेल?

म्हणून करारात कंपनीने तुमच्या वतीने दावा लढण्याची आणि खर्च सोसण्याची हमी हवीच, तीही रकमेच्या तोकड्या मर्यादेशिवाय. बंदी आली तर बदललेला कोड किंवा पर्यायी साधन कंपनीच्या खर्चाने, आणि तेही जमलं नाही तर उरलेल्या आयुष्याच्या प्रमाणात परतावा. मुख्य म्हणजे हमी देणारी संस्था कोण ते बघा. स्थानिक वितरकाच्या सहीची हमी अशा प्रसंगी कागदापुरती राहते. मूळ कंपनीची सही घ्या.

---

जुनीतार

हिशोबाच्या सगळ्या बाजू आल्या. एक बाजू मात्र कुणी मांडली नाही, म्हणून लिहितो.

एखादा राउटिंग प्रोटोकॉल स्थिर व्हायला माणसांची वर्षं जातात. रात्री जागून पकडलेले बग, ग्राहकाच्या शिव्या खाऊन केलेल्या दुरुस्त्या, हे सगळं त्या कोडमध्ये साठलेलं असतं. ते कुणी एका डिस्कवर उचलून नेलं आणि अर्ध्या किमतीत विकलं, तर पुढचा प्रोटोकॉल लिहायला कोण बसेल? आपण सगळे इंजिनिअर आहोत. स्वस्त टेंडरवर सही करताना त्या अनोळखी इंजिनिअरचाही विचार व्हावा, असं मला मनापासून वाटतं. चोरी *सिद्ध* झाली असेल आणि कंपनीने ती दुरुस्त केली नसेल, तर मी माल चांगला असूनही घेणार नाही.

---

शंकासुर

जुनीतार, ‘सिद्ध झाली असेल आणि दुरुस्त केली नसेल’ या दोन्ही अटींसह मी पूर्ण सहमत आहे. आपलं भांडण इथे संपलं.

---

लूपबॅक

समितीची बैठक झाली. काय ठरलं ते लिहितो, म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल.

खटल्याची कागदपत्रं काढून वाचली. आरोप सॉफ्टवेअरच्या एका जुन्या शाखेबद्दल आणि नोकरी बदलून आलेल्या माणसांबद्दल आहे. आम्ही घेतोय ती मालिका यादीत नाही, पण तिचं सॉफ्टवेअर त्याच शाखेतून निघालंय. त्यामुळे आरोपावरून कंपनी बाद करायची नाही, पण तिन्ही कंपन्यांना एकच प्रश्नपत्रिका द्यायची, असं ठरलं. घटकांची पूर्ण यादी आवृत्तीसह, जीपीएल सोर्स, बायनरी त्याच सोर्सपासून बनते हे दाखवण्याची पद्धत, आणि बाहेरच्या कंपनीतून येणाऱ्या इंजिनिअरांनी जुना कोड आणू नये यासाठी काय व्यवस्था आहे, याचं लेखी उत्तर. शिवाय कलमकरीताईंनी सांगितलेली हमी मूळ कंपनीच्या सहीने.

उत्तरं अनपेक्षित आली. आरोप असलेल्या कंपनीने घटकांची यादी व्यवस्थित दिली, सोर्सही दिला आणि तो आमच्याकडे बिल्ड झाला. मात्र हमीची मर्यादा त्यांनी कराराच्या रकमेच्या छोट्या हिश्शावर आणून ठेवली आणि तिथून हलायला तयार नाहीत. दुसऱ्या कंपनीने सगळं दिलं, दर जास्त आहे. तिसरी, जिच्यावर कसलाही खटला नाही आणि जिच्या बाजूने समितीतले बरेच जण होते, तिने घटकांची यादी ‘गोपनीय’ म्हणून नाकारली. तिला आम्ही बाद केलं. यावर बैठकीत बराच वाद झाला, पण ज्या प्रश्नावर पहिलीची, म्हणजे आरोप असलेल्या कंपनीची, परीक्षा घेतली त्यातून तिसरीला सूट देणं मला पटलं नसतं.

कोअरसाठी दुसरी कंपनी. अ‍ॅग्रिगेशनसाठी पहिलीशी हमीवर बोलणी चालू आहेत, मर्यादा उठली नाही तर तेही दुसरीकडे जाईल. कॉन्फिग मात्र आता सगळं ओपनकॉन्फिगच्या (कुठल्याही एका कंपनीशी न बांधलेल्या) मॉडेलवर लिहितोय. कुणाची कमांड लाइन कुणाची नक्कल आहे यावर आमचं ऑटोमेशन अवलंबून नको, आणि उद्या एखादी कंपनी सोडावी लागली तर सगळं नव्याने लिहायची वेळ यायला नको.

---

रात्रपाळी

छान केलंत. सही करण्याआधी एक गोष्ट आणखी करून बघा. पीओसीच्या राउटरमध्ये एक छोटा, खरा बग शोधा, तो सापडतोच, आणि त्याचा पॅच मागा. पॅच कधी आला यापेक्षा बदल नेमका काय केला हे त्यांच्या इंजिनिअरला फोनवर समजावून सांगता येतं का, ते ऐका. त्या संवादात विक्रीवाल्याला बसू देऊ नका.

---

लूपबॅक

हे अ‍ॅग्रिगेशनच्या पीओसीत घालतो. बग तयारच आहे: बीएफडी (लिंक पडल्याचं झटकन ओळखणारी) सत्रं वाढवली की एसएनएमपी (साधनाची स्थिती कळवणारा प्रोटोकॉल) उत्तर द्यायचं थांबतं. सोमवारी केस उघडतो.